सिस्टर, फादर, ब्रदर व्हावंसं वाटतंय? खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की भुसावळला आमच्या चर्चच्या ओट्यावर कुणी ना कुणी रेंगाळतं. चप्पल शोधण्याचं निमित्त असतं, पण विचारायचं काहीतरी दुसरंच असतं. बाकीचे प्रश्न व्हॉट्सॲपवर येतात, तेही बहुधा रात्री अकरानंतर.

आधीच सांगते, मी सिस्टर नाही. बारावीनंतर साडेतीन वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली. पहिली व्रतं घ्यायला चार महिने उरले असताना परत आले. आज शाळेत गणित शिकवते, नवरा रेल्वेत आहे. दोन्हीकडचं पाहिलेलं असल्यामुळे पोरंपोरी माझ्याशी जरा मोकळी बोलतात. खाली नियम आहेत ते चर्चचे, मतं माझी.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे हे कळतं कसं? आवाज येतो का, ताई?

मला नाही आला. माझ्या ओळखीच्या बहुतेक सिस्टरांनाही आलेला नाही. एकीला मी हेच विचारलं होतं. तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "आवाज कुठला गं? मला गावातल्या बाळंतिणींची काळजी लागून राहायची, झोप यायची नाही." त्या नर्स होत्या. एवढं बोलून त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. विषय संपला.

बायबलमधल्या शमुवेलला खरोखर हाक आली होती. पोरगं रात्री उठून मंदिरातल्या म्हाताऱ्या याजकाकडे, एलीकडे, पळालं, "मला बोलावलंत ना?" एली म्हणाला, नाही रे, जा, झोप. असं तीनदा झालं, तेव्हा कुठे एलीच्या डोक्यात प्रकाश पडला. या गोष्टीत मला एलीच जास्त भावतो. हाक आली पोराला, पण ती कुणाची आहे हे ओळखायला दुसरं माणूस लागलं. आणि आयुष्य मंदिरात घालवलेल्या त्या माणसालाही ते पहिल्या दोन खेपांना कळलं नाही.

चर्चचा कायदाही आवाजाबद्दल काही विचारत नाही. तो विचारतो की तू कॅथलिक आहेस का, तुझा हेतू सरळ आहे का, या जीवनाला लागणारे गुण आणि तब्येत आहे का, आणि आड येणारं काही नाही ना. यातला हेतू तपासायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. पांढरा झगा छान दिसतो, सिस्टरांना गावात मान आहे, शहरात राहायला मिळेल, असली कारणं सुरुवातीला सगळ्यांच्याच मनात थोडीफार असतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती गळून पडल्यावर खाली काय उरतं, ते बघायचं.

आणि बोलावणं एकदाच येतं असंही नाही. मदर तेरेसा १९२८ मध्ये लोरेटो संघात गेल्या (संघ म्हणजे व्रतं घेऊन एकत्र राहणाऱ्यांची संस्था). पण ज्या हाकेमुळे त्या पुढे कोलकात्याच्या रस्त्यांवर उतरल्या, ती आली १० सप्टेंबर १९४६ ला, दार्जिलिंगच्या गाडीत. म्हणजे संघात जाऊन अठरा वर्षं झाल्यावर! रेल्वेच्या गावात राहत असल्यामुळे ही गोष्ट सांगताना मला उगाचच अभिमान वाटतो.

चर्चच्या शिबिरातून आले की आठ दिवस कॉन्व्हेंटमध्ये जावंसंच वाटतं. मग कॉलेज सुरू झालं की सगळं विरतं. हे पाचारण की नुसती भावना?

तुझ्या बाबांना विचार, मृगाची पहिली सर पडली की लगेच कापूस लावायचा का? घाई करणारा दुबार पेरणीत अडकतो. ओल किती खोल गेली ते बोटानं उकरून बघायचं, मग पेरायचं. शिबिर म्हणजे पहिली सर.

ओल बघायची कशी, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उत्तर पाचशे वर्षं जुनं आहे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्यानं पाय मोडलेला इग्नेशियस हा स्पॅनिश शिपाई लोयोला इथल्या आपल्या घरी अंथरुणाला खिळून होता. त्याला वाचायला हव्या होत्या सरदारांच्या शौर्यकथा. घरात मिळाली ख्रिस्ताच्या आणि संतांच्या चरित्रांची पुस्तकं. मग त्याचे दोन खेळ सुरू झाले. कधी तो एका थोर घरच्या बाईची मर्जी संपादन करायची स्वप्नं रंगवायचा, कधी संतांसारखं अनवाणी फिरायची. दोन्ही रंगवताना मजा यायची. पण पहिलं स्वप्न संपलं की तोंड कोरडं पडल्यासारखं व्हायचं, आणि दुसरं संपल्यावरही समाधान टिकून राहायचं. हा फरक त्याच्या लक्षात आला. पुढे त्यानं येशूसंघ (जेझुइट) सुरू केला, त्याला १५४० मध्ये पोपनं मान्यता दिली; त्या संघाची पाचारण पारखण्याची सगळी रीत या एका निरीक्षणातून वाढली.

तेव्हा शिबिरात काय वाटलं ते राहू दे. कपाशी वेचून कंबर मोडलेल्या संध्याकाळी, किंवा पेपर अवघड गेलेल्या दिवशी तो विचार आला तर कसं वाटतं? वहीत रोज रात्री दोन ओळी लिही, तीन महिने. तारीख टाक.

इग्नेशियसचा आणखी एक नियम मी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते. मन उदास असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. जायचा निर्णय असो की न जायचा, दोन्हीला हे लागू.

बोलू कुणाशी? आमच्या पाड्यावर फादर महिन्यातून एकदाच येतात.

धडगाव-अक्कलकुव्याकडची मुलं हे नेहमी विचारतात. महिन्यातून एकदा आले तरी चालतं. फक्त मिस्सेनंतर गर्दीत गाठू नका. "फादर, मला अर्धा तास हवाय," असं स्पष्ट सांगा. सोबतीला आणखी एक माणूस बघा, तुम्हाला लहानपणापासून ओळखणारं आणि तोंडावर खरं बोलणारं. माझ्या बाबतीत ते काम आजीनं केलं. ती कॅथलिक धर्मशिक्षण वगैरे काही शिकलेली नव्हती. पेटी भरताना दारात उभी राहून म्हणाली, "कसाले जाई राह्यनी वं पोरी?" (कशासाठी जातेस गं पोरी?) मला नीट उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न तीन वर्षं माझ्याबरोबर होता.

एक खबरदारी घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत वेगवेगळ्या संघांचे लोक मुलामुलींच्या शोधात येतात. बहुतेक भली माणसं असतात. पण तुम्ही आपल्याच संघात यावं असं ज्याला वाटतं, त्या एकट्याच्या सल्ल्यावर निर्णय घेऊ नका. "आत्ताच हो म्हण, जागा भरतील," असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

सिस्टर आणि नन एकच का? फादर आणि ब्रदर?

बोलताना आपण सगळं एकच करतो. काटेकोर बोलायचं तर नन म्हणजे मठाच्या आवारात राहून प्रार्थनेला वाहिलेली, जशा कार्मेल मठातल्या. आपल्याला शाळेत, दवाखान्यात दिसतात त्या सिस्टर. व्रतं दोघींचीही तीच, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन.

मुलांचा गोंधळ जास्त असतो. फादर दोन प्रकारचे. धर्मप्रांताचे, म्हणजे एका बिशपच्या हद्दीतले, फादर त्या बिशपना आज्ञापालनाचं वचन देतात आणि अविवाहित राहतात, पण दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत. त्यांची स्वतःची मोटरसायकल असू शकते. आपला खानदेश नाशिक धर्मप्रांतात येतो. तो १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला, तेव्हा इथल्या मुलानं धर्मप्रांताचा फादर व्हायचं तर वाट नाशिकच्या बिशपांकडून जाते. संघाचे फादर तीनही व्रतं घेतात आणि संघ पाठवेल तिथे जातात. ब्रदर म्हणजे पुरोहित न होता व्रतस्थ राहणारा माणूस. "ब्रदर म्हणजे फादर व्हायला जमलं नाही तो," असं चर्चच्या पायरीवर म्हणणारे काका प्रत्येक गावात असतात. त्यांचं ऐकू नका.

इतके संघ आहेत, मी निवडू कसा?

पत्रकावरचे फोटो बघून नाही. तिथली माणसं मंगळवारी दुपारी काय करतात ते बघून. सातपुड्याच्या पलीकडचंच उदाहरण घ्या. सिस्टर राणी मारिया केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या. मध्य प्रदेशात शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्यासाठी त्या गट बांधत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला बसमधून इंदूरला जाताना त्यांची हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. पण हौतात्म्याच्या आधीची त्यांची वर्षं कशात गेली? बचतीच्या वह्या, बँकेचे हेलपाटे, गावोगावची पायपीट. त्या वह्यांत मन रमणार असेल तर तसा संघ बघ. मुलांना शिकवण्यात रमत असेल तर शाळांचा. गप्प बसून प्रार्थना करणं हेच तुझं सुख असेल तर मठाचाही विचार कर. पोरी मठाचं नाव काढायला घाबरतात, लोक आळशी म्हणतील म्हणून.

वयाची अट काय?

सतरा पूर्ण झाल्याशिवाय नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रतांआधीच्या प्रशिक्षणात, घेता येत नाही. पहिल्या व्रतांना अठरा पूर्ण लागतात, आजन्म व्रतांना एकवीस. पुरोहित व्हायला पंचवीस. वरची मर्यादा प्रत्येक संघ आपापली ठरवतो, तिशीतही विचारून बघायला हरकत नाही.

मग सिस्टर व्हायला लागतात तरी किती वर्षं?

लोकांना वाटतं गेली म्हणजे झाली. तसं नसतं. आधी उमेदवारी. संघागणिक वेगळी, वर्ष-दोन वर्षं. मग नोव्हिशिएट. ते कायद्यानं किमान बारा महिने आणि जास्तीत जास्त साधारण दोन वर्षं. मग तात्पुरती व्रतं, कमीत कमी तीन वर्षं. बहुतेक ठिकाणी पाच-सहा होतात, लांबवली तरी एकूण नऊच्या पुढे नाही. त्यानंतर आजन्म व्रतं. फादर होणाऱ्यांना शिवाय किमान सहा वर्षांचं तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान. त्यासाठी आपल्याकडची बरीच मुलं पुण्याला जातात.

मला या लांबणीचा फार राग यायचा. आता वाटतं, चर्चमध्ये लग्न सहा महिन्यांत उरकता येतं आणि सिस्टर व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, यात शहाणपण नक्की कुठे आहे हे तपासायला हवं. लग्नाकडेच घाई होते बहुधा.

आधी शिक्षण पूर्ण करू का?

कर. बारावी तरी कर, जमलं तर पदवी. हाक खरी असेल तर ती तीन वर्षांत शिळी होत नाही.

कागदपत्रं कोणती लागतात?

बाप्तिस्मा आणि दृढीकरण झाल्याचे दाखले, तू अविवाहित असल्याचा दाखला, शाळेचे कागद, वैद्यकीय तपासणी. खानदेशातली हमखास अडचण म्हणजे शाळेच्या दाखल्यावर एक नाव, बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरं. ते आधी जुळवून घे, नाहीतर ऐनवेळी नंदुरबार-नाशिक चकरा होतात.

नंदुरबारकडच्या मुली सिकलसेलबद्दल विचारतात. नुसती वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. तो आजार असेल तर काय करायचं, हे संघ डॉक्टरांशी बोलून ठरवतो. लपवू मात्र नकोस. कर्ज असेल तर तेही सांग. फेडता न येणारं कर्ज अंगावर असताना प्रवेश देऊ नये असं चर्चचा कायदाच म्हणतो.

आई-बाबा ऐकतच नाहीत. काय करू?

(इथे थोडं लांबण लागणार.)

आधी ते कशाला घाबरतात ते ओळख. "आम्हाला नातवंडं नकोत का?" असं आई म्हणते, पण तिच्या पोटात असतं ते वेगळंच. हिला तिथे कुणी रागावलं तर ही कुणापाशी रडेल? आजारी पडली तर कळवतील का? म्हातारपणी आमच्याकडे कोण? यातल्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर असतं आणि ते मागायचा त्यांना हक्क आहे. त्यांना कॉन्व्हेंट दाखवायला घेऊन जा. स्वयंपाकघर बघू दे, पाण्याची टाकी बघू दे, म्हाताऱ्या सिस्टरांच्या खोल्या बघू दे. माझ्या बाबांचं मन तिथेच थोडं वळलं. नव्वदीच्या एका सिस्टरला तरुण सिस्टर चमच्यानं वरण भरवत होती. बाबा दारातून बघत राहिले. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "जेवायला घालतात नीट."

घरी एकुलती असशील, कमावतं कुणीच नसेल, आई अंथरुणाला असेल, तर हा प्रश्न संघासमोर उघड मांड. आईला वाऱ्यावर सोडून केलेली सेवा देवाला पोहोचते असं मला तरी वाटत नाही. थोडं थांबावं लागेल, किंवा भावंडांबरोबर काही सोय लावावी लागेल.

आणि आई-बाबांनो, तुम्हाला एक सांगते. आपली पोर जैनांच्या घरची असती आणि दीक्षा घेणार म्हणाली असती, तर जळगावात मिरवणूक निघाली असती. आपल्याकडे निदान एक वर्ष शांत बसून ऐकून तरी घ्या. उलटही तितकंच खरं. "देवाला बोललो होतो, एक लेकरू देईन," म्हणून पोराला ढकलू नका. जबरदस्तीनं किंवा धाकानं आलेल्याचा नोव्हिशिएटमधला प्रवेश चर्च वैधच मानत नाही. नवस तुमचा, फेडायचा तुम्ही.

हुंडा द्यावा लागतो का?

हसू नका, हा प्रश्न दर वर्षी येतो. जुन्या कायद्यात मठातल्या नन्ससाठी तशी तरतूद होती. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत ती राहिली नाही. सुरुवातीचे कपडे, प्रवास असा थोडा खर्च येतो. तोही नसेल तर सांगायचं.

सिस्टरांचा पगार कुणाला जातो? घरी पाठवता येतो?

व्रतस्थ माणूस कामातून जे मिळवतो ते संघाचं होतं, आणि त्याच्या गरजा भागवणं संघाचं कर्तव्य असतं. घरी नियमित पैसे पाठवता येणार नाहीत, हे घरच्यांना आधीच सांग. नंतर सांगितलंस तर फार कडवट होतं. अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादरांच्या पगारातूनही प्राप्तिकर कापला जाईल, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा "त्यांना टॅक्स नसतो" हा ओट्यावरचा वादही मिटला.

दारिद्र्य म्हणजे काय, हे मी एका सोमवारी सकाळी पाहिलं. एका सिस्टरच्या हातात बदलीचं पत्र पडलं. अकरा वर्षं त्या शाळेत होत्या. जेवणाच्या घंटेआधी त्यांचं सामान बांधून झालं. एक पिशवी, एक छत्री, आणि गुळाचा स्टीलचा डबा. तो डबाही त्या परत आत ठेवून आल्या, "तो इथला आहे," म्हणत. पैशाच्या दारिद्र्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण अकरा वर्षांची माणसं अशी तीन तासांत सोडायची, हे बघून माझ्या पोटात गोळा आला.

मला एक मुलगा आवडतो. म्हणजे पाचारण नाही, असंच ना?

असं कुणी सांगितलं? प्रेम करता येणारीच माणसं तिथे लागतात. ज्याला कुणीच कधी आवडलं नाही, त्याच्याबद्दल मी जास्त काळजी करीन. पण त्या मुलाला ताटकळत ठेवून "बघू, देव काय म्हणतो" असा खेळ करू नकोस. त्याचा त्यात काय दोष?

बाप दारू पितो, घरात राहवत नाही. कॉन्व्हेंटमध्ये शांतता असते.

शांतता असते, पण पहाटे साडेचारला उठवणारी. बाळा, तुला आधी सुरक्षित जागा हवी आहे. ती हॉस्टेल, मावशीचं घर, नोकरी यांतही मिळू शकते, आणि ती शोधायला मी मदत करीन. एखाद्या गोष्टीपासून पळणं आणि एखाद्या गोष्टीकडे जाणं, पाय दोन्हीकडे सारखेच पडतात. म्हणून निदान सहा महिने वेगळ्या जागी राहून बघ, ओढ उरते का.

तिथे गेलो तर आमची पावरी, भिली बोली सुटेल का?

प्रशिक्षण बहुतेक इंग्रजी-हिंदीत चालतं. सुरुवातीला जीभ अडखळते, जेवणही वेगळं असतं. मला तिसऱ्या महिन्यात कळण्याच्या भाकरीची इतकी आठवण आली की प्रार्थनेत तेच दिसायचं. पण बोली लपवू नका. पाड्यावरच्या आजारी बाईशी तिच्या बोलीत बोलणारी सिस्टर, डॉक्टरपेक्षा आधी कामाला येते.

तिथे कुणी त्रास दिला तर? आज्ञापालन म्हणून सोसायचं का?

नाही. आज्ञापालन म्हणजे बदली, काम, वेळापत्रक मान्य करणं. कुणी अंगाला हात लावला, धमकावलं, तर ते सोसणं हे व्रत नाही. मनातलं सगळं सुपीरियरसमोर, म्हणजे संघातल्या वरिष्ठांसमोर, उघड करायला कुणी भाग पाडू शकत नाही, अशी चर्चच्या कायद्यात स्पष्ट मनाई आहे. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशानं अशा अत्याचाराची माहिती वर कळवणं फादर-सिस्टरांना बंधनकारक केलं. अठराच्या आतल्या मुलाबाबत पोक्सो कायदा लागू होतो, तिथे पोलीस आले. जाण्याआधी घरच्यांशी ठरवून ठेव की दर आठवड्याला फोन होईल. फोन करूच देत नसतील तर का ते विचार.

आम्ही प्रोटेस्टंट आहोत. आमच्यातली मुलगी जाऊ शकते का?

आधी कॅथलिक व्हावं लागतं. आणि केवळ सिस्टर होण्यासाठी कुणी ते करू नये. आपल्या मंडळीत राहून काय करता येईल, ते तुमच्या पाळकांशी आधी बोला.

मधूनच परत आले तर? लोक काय म्हणतील?

लोक म्हणतातच. मी परत आले तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणावरूनच विचारलं, "का गं, काढून टाकलं का?"

काढून टाकलं नव्हतं. नोव्हिशिएटमधून कधीही मोकळेपणानं निघता येतं, आणि संघही जा म्हणू शकतो. तो काळ त्यासाठीच असतो. मला प्रार्थना आवडायची, सिस्टर आवडायच्या. पण आजन्म व्रतांचा विचार आला की छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं, आणि तो दगड वर्षभर हलला नाही. माझ्या नोव्हिस मिस्ट्रेसनं, म्हणजे आम्हा नव्या मुलींना घडवणाऱ्या सिस्टरनं, वही मागितली नाही. एवढंच म्हणाल्या, "परत गेलीस तर रडशील?" मी म्हटलं, हो. "आणि राहिलीस तर?" मला बोलता आलं नाही.

पहाटे भुसावळला उतरले. बाबा आयुष्यभर रेल्वेत होते, फलाटावरचा हरेक हमाल ओळखीचा. तरी त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. माझी पत्र्याची पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि जिन्यानं चढले. घरी आईनं वांगी भाजून ठेवली होती. कुणी काही विचारलं नाही. भरीत-भाकरी खाऊन मी चौदा तास झोपले.

दोन वर्षं मला लाज वाटत होती. मग एकदा चर्चमध्ये वाचन करताना लक्षात आलं की प्रार्थना करायला, गप्प बसायला, भांडण झाल्यावर आधी जाऊन बोलायला मी तिथेच शिकले. ते सगळं पेटीतून बरोबर आलंय. माझ्याबरोबरची एक आज आसामात आहे, आजन्म व्रतं घेतलेली. ती राहिली म्हणून थोर आणि मी आले म्हणून कच्ची, असं आम्हा दोघींनाही वाटत नाही. फोनवर बोलतो तेव्हा ती माझ्या पोरांच्या तक्रारी ऐकते, मी तिच्या सुपीरियरच्या.

एक व्यवहाराचं. संघ सोडणाऱ्याला केलेल्या कामाचे पैसे मागता येत नाहीत. पण संघानं न्यायानं आणि मायेनं वागावं, असं कायदा सांगतो. म्हणून शिक्षणाचे मूळ कागद कुठे आहेत ते नेहमी माहीत असू दे.

मग आता नेमकं करू काय?

वही घे. फादरांकडे अर्धा तास माग. परीक्षा संपल्यावर एखाद्या कॉन्व्हेंटमध्ये तीन दिवस राहून ये. "या आणि पाहा" म्हणतात त्याला. तिथे भाजी चिर, झाडू मार, संध्याकाळची प्रार्थना कर, म्हाताऱ्या सिस्टरांशेजारी बस. निर्णय वगैरे काही घेऊ नकोस. आणि जाताना परतीचं तिकीट आधीच काढून आईला दाखव. फलाटावर ती थोडी कमी रडते.